परदेशातील धुण्याची दोरी

इंदूर, बेळगाव किंवा मडगाव येथील एखादे कुटुंब अमेरिकेला वा कॅनडाला बिऱ्हाड हलवावयास निघते, तेव्हा निरोप द्यावयास येणारा प्रत्येक जण काही ना काही सूचना करून जातो. लोणच्याची बरणी कशी बांधावी, थंडीसाठी काय काय न्यावे, पोळपाट न्यावा की तेथेच घ्यावा, या सर्वांची चर्चा होते. परंतु तेथे धुणे कोठे वाळत घालावयाचे, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो विचारण्याजोगा प्रश्न आहे असेच वाटत नाही. जुन्या वाड्यात उंच टांगलेली सोवळ्याची दांडी आणि तिच्यावर धोतर चढविणारी काठी, परसात दोन झाडांमध्ये ताणलेली वलणी, चाळीच्या गॅलरीतील तार, गच्चीवरील नायलॉनची दोरी, अशी रूपे बदलत गेली. पण धुणे घराबाहेर, उन्हावाऱ्यावर वाळावयाचे, हे गृहीत बदलले नाही. आणि मग नव्या घराच्या भाडेपत्रात एक कलम आढळते, की बाहेरून दिसतील अशा रीतीने कपडे वाळत घालू नयेत. गृहिणी ते प्रथम हसून वाचते. दुसऱ्यांदा वाचताना ती हसत नाही.

वास्तविक तेथे जाणाऱ्याला भीती वाटते ती थंडीची. जेथे पाणी गोठते तेथे लुगडे काय वाळणार, असा तर्क स्वाभाविक आहे, पण तो बव्हंशी चुकीचा आहे. कापड उन्हाने वाळते, ही अर्धीच गोष्ट झाली. कापडातील पाण्याची वाफ व्हावयास उष्णता लागते हे खरे. परंतु ती वाफ सामावून घेण्यास हवेत जागा शिल्लक असावी लागते, आणि ही जागा किती, यावरच पुष्कळसे अवलंबून असते. जुलै महिन्यातील गोव्याची हवा घ्या. २८ अंश उष्णतेची हवा दर घनमीटरात सुमारे २७ ग्रॅम वाफ धरू शकते. पण पावसाळ्यात तिची नव्वद टक्के जागा आधीच भरलेली असते, म्हणजे उरली ती जेमतेम पावणेतीन ग्रॅमांची. उलट कोलोरॅडो राज्यातील हिवाळ्याचा एखादा कोरडा दिवस पाहा. तापमान अवघे ५ अंश, हवेची एकूण धारणशक्तीच ७ ग्रॅमांच्या आत. परंतु आर्द्रता चाळीस टक्के असेल तर चार ग्रॅमांची जागा मोकळी असते. थोडा वारा आणि स्वच्छ ऊन यांची जोड मिळाली, तर त्या थंडीत टॉवेल वाळतो आणि गोव्यात मात्र तो तिसऱ्या दिवशीही कुबट वास घेऊन वलणीवर लोंबत राहतो. बाळंतिणीच्या घरी शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी सुकविण्याची वेळ कोकणावर येते, ती ऊन कमी म्हणून तेवढी नव्हे, जितकी हवा आधीच भरलेली म्हणून.

पारा शून्याखाली गेला तरी क्रिया थांबत नाही, मंदावते. कपडे प्रथम गोठून कडक होतात. सदरा पापडासारखा ताठ उभा राहतो. पण बर्फाचीसुद्धा पाणी न होता थेट वाफ होत असते आणि कोरड्या वाऱ्यात हा ताठपणा हळूहळू ओसरू लागतो. मात्र असे कापड दोरीवरून ओढून काढू नये, घडी तर मुळीच घालू नये. गोठलेले धागे दुमडल्याने तुटतात. कॅनडातील जुन्या पिढीच्या स्त्रियांना हे सारे उत्तम ठाऊक होते. हिवाळ्यात धुणे बाहेर घालणे त्यांना नवलाचे नव्हते, कष्टाचे होते.

या कष्टांतूनच वाळवणाऱ्या यंत्राचा जन्म झाला. नॉर्थ डकोटातील रॉस मूर या गृहस्थाला कडाक्याच्या थंडीत बाहेर जाऊन कपडे टांगण्याचा कंटाळा आला आणि तो तापविलेल्या फिरत्या पिंपाच्या मागे लागला. त्याच्या कल्पनेवरून बनलेले यंत्र १९३८ साली विस्कॉन्सिनमधील एका कारखान्याने बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे वाढली, वीज स्वस्त झाली आणि हे यंत्र घरोघर पोचले. येथवर तक्रारीला जागा नाही. ज्या गृहिणीची बोटे थंडीने फुटत होती तिला ते वरदानच वाटले असणार. पण सोय घरात आली की कालांतराने तिची सक्ती होते. ज्याच्या घरी यंत्र नाही त्याचीच दोरी अंगणात दिसते, म्हणून दोरी हे गरिबीचे चिन्ह ठरले. आणि गरिबीचे चिन्ह शेजारी दिसले तर आपल्या घराची किंमत उतरेल, ही भीती कागदावर उतरली. तेथे अनेक वसाहतींत घर विकत घेताना गृहस्वामी संघाचे सदस्यत्व आणि त्याची बंधने बरोबरच येतात. सात कोटींहून अधिक अमेरिकन लोक अशा संघांच्या नियमांखाली राहतात. कुंपणाचा रंग, गवताची उंची आणि धुण्याची दोरी, सर्वच त्यांच्या कक्षेत येते. आपल्याकडील नव्या उंच इमारतींच्या संकुलांतही सज्ज्यावर साडी दिसली की चिठ्ठी येऊ लागली आहे, तेव्हा हा विक्षिप्तपणा केवळ परक्यांचा समजण्याचे कारण नाही.

खर्चाचा हिशेब पाहिला की या बंधनाचे वजन कळते. यंत्रातून पिळून निघालेल्या एका मोठ्या धुण्यात दोन-तीन लिटर पाणी उरलेले असते. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास साधारण पाऊण युनिटाएवढी उष्णता लागते. यंत्राची गळती धरली तर एका धुण्यामागे दोन ते चार युनिटे वीज जाते. अमेरिकेतील घरात दिव्यापंख्यांना १२० व्होल्टचा प्रवाह पुरतो, पण या एका यंत्रासाठी २४० व्होल्टची जाड तार वेगळी ओढावी लागते, यावरूनच त्याची भूक ध्यानात यावी. शिवाय कापडाचे झडलेले तंतू त्याच्या जाळीत आणि नळीत साठतात व पेट घेतात. तेथील अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी केलेल्या अंदाजानुसार, या यंत्रांमुळे निवासी इमारतींत दरसाल सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि जाळी साफ न करणे हे त्यांचे प्रमुख कारण होते.

या बंधनाविरुद्ध आवाज उठला तो मुख्यतः तेथल्याच लोकांकडून. फ्लोरिडाने १९८० सालीच सौर साधनांविषयीच्या कायद्यात धुण्याच्या दोरीचा स्पष्ट उल्लेख करून तिच्यावरील बंदी अवैध ठरविली. सूर्याच्या उष्णतेवर चालणारे यंत्र आणि सूर्याखाली ताणलेली दोरी यांना एका पंक्तीस बसविणारी ही दृष्टी कोण्या कवीची नव्हे, विधिमंडळाची होती! १९९५ साली व्हर्मांटमधील एका महाविद्यालयात शिकणाऱ्या अलेक्झांडर ली या विद्यार्थ्याने दोरीच्या हक्कासाठी संस्था काढली. प्रथम लोकांनी थट्टा केली. पण कोलोरॅडोने २००८ मध्ये, व्हर्मांट आणि मेन या राज्यांनी २००९ मध्ये, हवाई आणि मेरीलँड यांनी २०१० मध्ये या ना त्या स्वरूपात दोरीला संरक्षण दिले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २००८ च्या एप्रिलमध्ये तेच केले. कॅलिफोर्नियाचा कायदा २०१५ साली संमत झाला.

परंतु ‘कायदा आहे’ एवढे ऐकून खिळे ठोकावयास धावणे बरे नव्हे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सज्जा, कठडा किंवा छपरी यांना दोरी मानलेले नाही. म्हणजे परसात दोरी बांधता येईल, पण तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर चादर टाकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. ओंटारिओतील सवलतही जमिनीवरील घरांसाठी आहे, बहुमजली इमारतींसाठी नाही. आणि नव्याने जाणारे बहुसंख्य कुटुंब प्रथम राहते ते नेमके अशाच इमारतीत, भाड्याने. त्यांच्यापुढे घरातील घडीची घोडी हाच मार्ग उरतो. तेथे निराळी सावधगिरी लागते. बंद खोलीत वाळणाऱ्या धुण्यातील दोन-तीन लिटर पाणी खोलीतच राहते, थंड काचेवर आणि भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि काही आठवड्यांत तेथे काळी बुरशी धरते. म्हणून घोडी भिंतीपासून दूर मांडावी, न्हाणीघरातील हवा बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा, आणि थंडी असली तरी अधूनमधून पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडावी. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की ती फार कोरडी होते आणि कपड्यांतील पाणी भराभर शोषते.

परस मिळाले तर जागा निवडताना दिशा पाहावी. महाराष्ट्रात उन्हाळ्यातील सूर्य माथ्यावर येतो, म्हणून दिशेचा विचार फारसा करावा लागत नाही. उत्तरेकडील देशांत तो हिवाळ्यात दक्षिणेला अगदी खाली राहतो. घराच्या उत्तरेस बांधलेली दोरी कित्येक महिने सावलीत जाते. ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनी हेच उलटे धरावे, तेथे उत्तरेचे अंगण उन्हाचे. त्या देशात दोरीची लाजही नाही. १९४५ च्या सुमारास ॲडलेड येथे लान्स हिल याने तयार केलेली, मध्ये एक खांब आणि भोवती फिरणाऱ्या तारा असलेली छत्री परसापरसांत उभी राहिली, आणि सिडनीतील २००० सालच्या ऑलिंपिक खेळांच्या समारोपातही ती मिरविली गेली.

वसंत ऋतूत फुलांचे पराग कपड्यांवर बसून ज्यांना शिंका सुटतात त्यांनी तेवढे दिवस धुणे आत घालावे. एरवी अमेरिकेतील नवागताने डबीत गुंडाळली जाणारी दोरी घ्यावी हे उत्तम. कोलोरॅडोच्या कायद्याने नाव घेऊन मान्य केली आहे ती हीच. सकाळी ओढून समोरच्या खुंटीस अडकवावी, चिमटे लावावेत, आणि दुपारी कपडे काढले की ती आपोआप डबीत परत जाते. करारावर सही करण्यापूर्वी मात्र दोरीचे कलम विचारून घ्यावे. सही झाल्यावर विचारणाऱ्याला बहुधा यंत्राची खोली दाखविण्यात येते.