इंग्रजी शब्दाची जात ओळखताना

इंग्रजी शब्द एकटा पाहून त्याची जात सांगणे धोक्याचे. ती वाक्यातल्या जागेवरून ठरते. ‘वॉटर’ हे नाम खरे, पण ‘वॉटर द प्लांट्स’ म्हटले की तेच क्रियापद होते आणि रूपात तसूभरही फरक पडत नाही. मराठीत मात्र ‘पाणी’ नामच राहते; झाडांना ते ‘घालावे’च लागते. प्रत्यय बरीच मदत करतात: ‘काइंड’ विशेषण, ‘काइंडनेस’ भाववाचक नाम. मात्र ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, हा शाळेतला ठोकताळा फसवा. ‘स्लोली’ क्रियाविशेषण, ‘फ्रेंडली’ विशेषण. कारण ‘ली’ विशेषणाला लागला तर बहुधा क्रियाविशेषण होते, नामाला लागला तर विशेषण. ‘रेकॉर्ड’सारख्या शब्दांत उच्चारातला आघात ऐकावा: शब्दाच्या पहिल्या अवयवावर (‘सिलेबल’वर) असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद.