एक्कावन्नाव्या अक्षांशावरची काढणी

सप्टेंबर सरत आला की पूर्व जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या उतारावरचे द्राक्षांचे घड सकाळी दवाने ओले असतात. ते सुकेपर्यंत कात्री चालत नाही. तेवढ्या वेळात मळेवाला ओळींमधून मणी तोडत फिरतो. काही घडाच्या वरच्या टोकाचे, काही खालचे. काही उन्हाकडचे, काही सावलीतले. नुसते उन्हाकडचे घेतले तर बाग उगाच पिकलेली वाटते.

मणी पिशवीतच चुरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा आणि यंत्र आकाशाकडे धरायचं. निळा भाग जिथे संपतो तिथला आकडा वाचायचा. त्या मापाचं नाव ‘ओक्स्ले’. लिटरभर रस तेवढ्याच पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. ७५ अंशांच्या रसातून साधारण १० टक्के अल्कोहोलची वाइन होते. मी आकडा वाचत असताना मळेवाला एक मणी चावून बी तळहातावर घेतो. हिरवी असेल तर अजून थांबायचं. आंबटपणा किती उरलाय, हे यंत्र सांगत नाही, जीभ सांगते.

हा झाले-उन्स्ट्रुट प्रदेश द्राक्षासाठी अगदी उत्तरेचा. तरी इथल्या वाइनचा लेखी उल्लेख इ.स. ९९८चा आहे. हार्ट्‌झ पर्वत पाऊस अडवतो. वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पडतो. चुनखडीच्या दगडी बांधांमध्ये दिवसाचं ऊन मुरतं आणि रात्री वेलींना ऊब मिळते. एवढ्या आधारावर म्युलर-थुर्गाउ आणि वाइसबुर्गुंडर या द्राक्षांच्या जाती पिकतात.

सगळं त्या वर्षाच्या हवामानावर, म्हणून बाटलीवरचं साल इथे नीट वाचावं लागतं. २००३च्या कडक उन्हाळ्यात साखर भरपूर चढली, आंबटपणा मात्र घसरला. एप्रिल २०२४मध्ये कोवळे फुटवे दहिवराने जळाले आणि बहुतेक पीक गेलं. थंडीत बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या निफाडच्या बागायतदाराला ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच, की तो ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करून हंगाम थोडा मागेपुढे करू शकतो. इथे वेल फुटते ती वसंतातच, एकदाच.

अकराच्या सुमाराला निर्णय होतो. म्युलर-थुर्गाउ आजच काढायची, कारण पाऊस आला तर पातळ सालीचे मणी कुजतील. वाइसबुर्गुंडर अजून आठवडाभर वेलीवर राहू द्यायची. त्या आठवड्यात साखर वाढेल किंवा कूज शिरेल. दोन्हींची किंमत मळेवाल्यानेच मोजायची आहे.