पाणी फुगते तेव्हा

मुलांनो, हिवाळ्यात सकाळी अंघोळीला गरम पाणी सर्वांनाच हवे असते. पूर्वी अनेक घरांत तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. आता पुष्कळ घरांत भिंतीवर गीझर दिसतो. बंबात पाणी ओतण्याचे तोंड मोकळे असते. गीझरची टाकी मात्र सर्व बाजूंनी बंद असते. हा फरक लहान वाटतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. कसा ते पाहू.

एक पातेले पाण्याने काठोकाठ भरा. घरातील मोठ्या माणसांना ते शेगडीवर ठेवायला सांगा. पाणी उकळण्याआधीच थोडे पाणी काठावरून ओघळू लागेल. वरून कोणीही पाणी ओतले नाही. मग हे पाणी आले कोठून? आहे तेच पाणी गरम होऊन फुगले. यालाच प्रसरण म्हणतात. २५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून ६० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे ३८० मिलिलिटरने वाढते. म्हणजे जवळजवळ दोन पेले!

बंबात हे वाढलेले पाणी वर चढते. बंद टाकीत ते कोठे जाणार? सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा. दांडा थोडा खाली जातो, कारण हवा दाबली जाते. पंपात पाणी भरले, तर दांडा जवळजवळ हलणारच नाही. पाणी सहज दाबले जात नाही. म्हणून वाढलेले पाणी टाकीच्या भिंतींवर मोठा दाब देते.

यावर उपाय म्हणून गीझरला सुरक्षा झडप बसवतात. झडपेत एक स्प्रिंग असते. ती छिद्रावरील झाकण घट्ट दाबून धरते. आतील दाब ठरावीक मर्यादेपेक्षा वाढला, की झाकण किंचित उचलले जाते आणि थोडे पाणी बाहेर पडते. दाब कमी झाला, की झाकण पुन्हा बसते.

इंग्लंडसारख्या थंड देशात घरातील टाकी मोठी असते. तिच्यात १५० लिटर पाणी १० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापवले, तर ते सुमारे अडीच लिटरने वाढते. एवढे पाणी दररोज वाया का घालवायचे? म्हणून तेथे टाकीजवळ एक छोटे भांडे जोडतात. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस हवा आणि दुसऱ्या बाजूस पाणी असते. पाणी वाढले की ते पडद्याला ढकलते आणि हवा दाबली जाते. पाणी वापरले की हवा पुन्हा पसरते. सुरक्षा झडप तेथेही असतेच, पण ती रोज उघडावी लागत नाही.

आता खरा धोका ऐका. थर्मोस्टॅट बिघडला, तर पाणी तापतच राहते. दाबाखालील पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. ते आणखी तापते. अशा वेळी टाकी फुटली, तर दाब एकदम नाहीसा होतो आणि बऱ्याच पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा लागते. म्हणून असा स्फोट भिंतीही पाडू शकतो. थर्मोस्टॅटबरोबर वीज तोडणारे दुसरे साधन असते, ते याचसाठी. तेही बिघडले, तर शेवटचा आधार सुरक्षा झडपेचाच.

तुमच्या घरी गीझर तापताना झडपेतून थेंब थेंब पाणी पडते का? घाबरू नका. झडप आपले काम करत आहे. गीझर बंद असतानाही पाणी वाहत राहिले, तर मात्र जाणकार कारागिराला बोलवा. पाणी सांडते म्हणून कोणी त्या नळीला बूच मारू लागले, तर त्यांना थांबवा आणि आज शिकलात ते समजावून सांगा. दोन पेले पाणी वाचवण्यासाठी माणसांचा जीव धोक्यात घालू नये.

शब्दार्थ
प्रसरण – फुगणे, पसरणे
मर्यादा – हद्द
झडप – पाणी सोडणारे व अडवणारे झाकण
कारागीर – हातकामात कुशल माणूस

स्वाध्याय
१. बंब आणि गीझर यांत कोणता फरक आहे?
२. सुरक्षा झडप कशी काम करते?
३. ‘झडपेच्या नळीला बूच मारू नये.’ कारण लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : काठोकाठ, थेंब थेंब.