घर थंड, तर डोके थंड

बुद्धपौर्णिमेची वंदना आटोपली की शिंदखेड्याच्या वस्तीतल्या बाया घरात बसत नाहीत, ओट्यावर येतात. घरावर पत्रा आहे. पारा ४३-४४ अंशांवर गेला की पत्र्याखाली पोर किरकिरते, म्हातारा कावतो, सून दिवसभर बोलत नाही. आपण म्हणतो, स्वभावच तसा! आम्हाला वाटते, त्यातला अर्धा स्वभाव पत्र्याचा असतो.

आपल्या खानदेशात पूर्वी धाब्याची घरे होती. जाड मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर मातीचे सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरायची. एवढ्या जाड मातीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होई. ही घरे आपण गावकुसाबाहेरच्या दिवसांची खूण म्हणून पाडली. खरे तर पाटलाच्या वाड्यावरही धाबेच असे. पण आईबापांचा कंटाळाही खोटा नव्हता. धाबे गळे, विंचू निघत, दर साल राबणूक.

म्हणून मागे जा असे आम्ही सांगत नाही. रमाई आवासचे घरकुल २६९ चौरस फुटांचे. त्यातच सोय करायची आहे. उन्हाळ्याआधी स्लॅबला किंवा पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. अहमदाबाद महापालिकेने २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील छते अशीच पांढरी केली. अशा छताने आतला उकाडा २ ते ५ अंशांनी उतरतो. पत्र्याखाली थोडी पोकळी सोडून बांबूचे तट्टे बांधावेत, चुलीच्या बाजूला मात्र नकोत. आणि समोरासमोर दोन खिडक्या.

खिडकीवरून आठवले. आमच्या ओळखीच्या एका उपासकाने वास्तुवाल्याचे ऐकून पश्चिमेची खिडकी बुजवली. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस! उन्हाळ्यात इकडे वारा पश्चिमेचाच. पैसे गेले ते गेले, वाराही गेला.

मनाला निवांतपणा लागतो तो जागेचाही आणि वेळेचाही. बाबासाहेब विद्यार्थी असताना मुंबईच्या चाळीत एकाच खोलीत सारे कुटुंब, भांडीकुंडी, धूर. सुभेदार रामजी भिमाला लवकर झोपवीत, स्वतः जागत, रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवीत आणि मग त्याच जागी आडवे होत. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधताना बाबासाहेबांनी आधी पुस्तकांची जागा पाहिली.

शिंदखेड्यातल्या एका घरकुलात आम्ही हेच पाहिले. मुलगी दहावीला. आईने जुन्या दाराची फळी खिडकीखाली ठोकून दिली, खाली बसायला लुगड्याची गोधडी. फळीवर दुसरे काही ठेवायचे नाही, डबासुद्धा नाही. रात्री नऊनंतर टीव्ही बंद. बाप पहिले आठ दिवस कुरकुरला. आता नऊ वाजले की तोच उठतो आणि बाज घेऊन ओट्यावर जातो.