टाकी आज, मासे महिन्याने

शोभेच्या माशांचा धंदा आता मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटपुरता राहिलेला नाही. लहानमोठ्या शहरांतही काचेच्या टाक्या आणि पिशव्यांतले रंगीत मासे विकणारी दुकाने दिसतात. एका टाकीमागे काच कापणारा, सिलिकॉनने कडा जोडणारा, लोखंडी स्टँड वेल्ड करणारा, झाकण बनवणारा सुतार आणि पंप-फिल्टर विकणारा अशा चार-पाच घरांची रोजी असते. आम्ही कापडाच्या धंद्यातले. परंतु बाजारात बसणाऱ्याला शेजारच्या दुकानाचा हिशोबही दिसतो. या धंद्यात एक गळती अशी आहे की, ती थोड्या सबुरीने बंद होऊ शकते.

नवे गिऱ्हाईक मुलाबाळांसह दुकानात येते. टाकी, खडे, फिल्टर आणि डझनभर मासे एकाच वेळी घेऊन जाते. दुकानदार खूश, मुलेही खूश. दोन-तीन दिवस सर्व ठीक चालते. मग मासे सुस्त होतात, पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात आणि एकेक करून मरू लागतात. गिऱ्हाईक परत येते, औषधाची बाटली घेते, आणखी मासे घेते. तेही मरतात. शेवटी रिकामी टाकी माळ्यावर जाते आणि ते गिऱ्हाईक कायमचे तुटते. मुक्या जीवांचे हाल झाले ते वेगळेच.

पाणी स्वच्छ, तरी मासे का मरतात?

दोष बहुधा माशांचा नसतो आणि दिसायला पाण्याचाही नसतो. मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तलावात तो पसरून जातो. काचेच्या चार भिंतींत तो साठतो. अमोनिया रंगहीन असल्यामुळे पाणी आरशासारखे दिसते आणि मासा मात्र जळत असतो.

निसर्गाने यावर बंदोबस्त केलेला आहे. एका प्रकारचे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. हे नायट्राइटही विषच आहे. त्याने माशाचे रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू वाहून नेण्याची त्याची ताकद जाते. म्हणून पंपाचे बुडबुडे चालू असतानाही मासा गुदमरतो. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य असते आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले की काबूत राहते.

या जीवाणूंचा शोध रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास लावला. घरगुती टाकीत नायट्राइट संपवण्याचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे जीवाणू करतात, हे १९९८ मध्ये पुढे आले. दोन्ही कामे एकटाच करणारा जीवाणूही असतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत; ते फिल्टरचा स्पंज, खडे आणि काच यांना चिकटून राहतात. शिवाय त्यांची वाढ फार मंद असते. साधे जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात, तर यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. नव्या टाकीत ते जवळपास नसतातच. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मिलमधून सूत आले म्हणून भिवंडीत किंवा मालेगावात कोणी ते तसेच मागावर चढवत नाही. आधी वार्पिंग, मग सायझिंगची कांजी, मग बीम. कांजीविना ताणा मागावर तुटतो, तसा वस्तीविना मासा टाकीत तुटतो.

नवसागराचा उपाय

मासे नसताना या जीवाणूंना खाणे कोठून द्यावे? कल्हईवाल्यांच्या घरात जो नवसागर पिढ्यान्‌पिढ्या आहे, तोच येथे कामास येतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड. मात्र बाजारातला मळकट खडा वापरू नये. रसायनांच्या दुकानातून शुद्ध पावडर आणावी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी राहते. त्यात लिटरमागे २ मिलिग्राम अमोनिया हवा असेल तर नवसागर सुमारे ३०० मिलिग्राम लागतो. इतके बारीक वजन घरी होत नाही; म्हणून सोनाराच्या काट्यावर ३ ग्राम तोलून १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावा आणि त्यातले १० मिलिलिटर टाकीत घालावे. टाकीत एकही मासा नसतानाच हे करावे.

त्याआधी नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढणे जरूर आहे, कारण ते या जीवाणूंनाही मारते. कपड्याचे ब्लीचिंग झाल्यावर क्लोरीन मारण्यासाठी जो हायपो वापरतात, तोच माशांच्या दुकानांत क्लोरीन घालवणाऱ्या थेंबांच्या रूपाने मिळतो. फिल्टर आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, कारण या जीवाणूंना प्राणवायू लागतो. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस असावे.

नंतर टेस्ट किटने दर दोन दिवसांनी पाणी तपासावे. सुरुवातीचे आठ-दहा दिवस अमोनिया तसाच दिसेल. मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तितकाच डोस द्यावा. नायट्राइट उतरायला सर्वांत जास्त दिवस लागतात; येथेच लोकांचा धीर सुटतो. ज्या दिवशी घातलेला अमोनिया २४ तासांत नाहीसा होईल आणि नायट्राइटही शून्य येईल, त्या दिवशी टाकी तयार झाली. मग अर्ध्याहून अधिक पाणी बदलावे आणि एक-दोन दिवसांत मासे सोडावेत. उशीर होणार असेल तर डोस चालू ठेवावा, नाहीतर वस्ती उपाशी राहते.

पाण्याचा पीएचही पाहावा. तो ७ वरून ८ वर गेला, तर तितक्याच अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. पीएच फार उतरला, तर जीवाणूंचे काम थंडावते.

दुकानदाराने काय करावे?

गिऱ्हाईक महिनाभर थांबेल का, असा प्रश्न दुकानदार बंधू विचारतील. त्यावर तोड त्यांच्याच दुकानात आहे. जुन्या निरोगी टाकीतल्या फिल्टरमध्ये काही जादा स्पंज कायम ठेवावेत. टाकी विकताना त्यातला एक ओला स्पंज पिशवीत घालून द्यावा आणि तो त्याच दिवशी नव्या फिल्टरमध्ये बसवण्यास सांगावे. या विरजणाने महिन्याचे काम पुष्कळदा एक-दोन आठवड्यांत होते. आजारी टाकीतला स्पंज मात्र कधीही देऊ नये. जीवाणूंच्या तयार बाटल्याही मिळतात, पण सगळ्याच सारख्या निघत नाहीत. बाटलीवरच्या मजकुरापेक्षा किटच्या रंगावर विश्वास ठेवावा.

पहिल्या दिवशी टाकी, स्टँड, फिल्टर, खडे आणि टेस्ट किट विकावे. पावतीवर टाकी सुरू केल्याची तारीख लिहावी. ‘पाण्याचा नमुना आणा, फुकट तपासून देऊ’ असे सांगावे. गिऱ्हाईक दोन-तीन वेळा दुकानात येईल; येणारे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने क्वचितच जाते. नमुना पास झाला की ५० लिटरच्या टाकीसाठी पाच-सहा गप्पी किंवा झेब्रा डॅनियो द्यावेत. दोन आठवड्यांनी पुढची खेप. आजची डझनभर माशांची विक्री सोडून वर्षभराचे खाद्य, रोपे आणि पुढची मोठी टाकी हाती येते. कापडात आम्ही हेच पाहतो : रंग उतरणारा कपडा एकदाच विकला जातो.

जमलेली वस्ती सांभाळा

टाकी तयार झाल्यावरही दोन गोष्टींनी ती मोडते. पहिली म्हणजे स्पंज नळाखाली खसाखसा धुणे. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, आणि सगळे स्पंज एकाच दिवशी बदलू नयेत. दुसरी म्हणजे लांबलेला वीजपुरवठा. पाण्याचा प्रवाह थांबला की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये जीवाणू काही तासांतच गुदमरू लागतात. अशा वेळी माशांना खाणे देऊ नये, बॅटरीचा हवापंप लावावा, आणि वीज आल्यावर डब्यातले साचलेले पाणी टाकीत न सोडता आधी ओतून द्यावे.

हे सर्व गिऱ्हाइकाला समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. ज्यांना बोलायला फुरसत नाही, त्यांनी एका कागदावर छापून टाकीसोबत द्यावे.