गोराईच्या दगडाचं तापमान किती?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनमार्गे दक्षिणेला निघालं की गोराई-मनोरीचा किनारा लागतो. महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, अशी आपली पक्की समजूत. इथला ट्रॅकाइट नावाचा फिकट दगड तिच्यात बसत नाही. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी त्याचा शिलारस जमिनीखाली फार खोल नसलेल्या जागी थिजला, आणि थिजताना त्याच्या पोटात काळ्या बेसाल्टी दगडाचे गोळे अडकले. हा दगड किती तापमानाला घडला, याचं एका आकड्यातलं उत्तर चुकीचंच ठरेल. पुरावा त्याच्याच फेल्डस्पारच्या स्फटिकांत आहे.

फेल्डस्पारमध्ये कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम असतं. तप्त बेसाल्टी रसातून आधी कॅल्शियमने समृद्ध फेल्डस्पार बनतो; रस निवत जातो तसं स्फटिकाच्या नंतरच्या थरांत सोडियम वाढतं. कॅल्शियमच्या जागी सोडियम यायचं तर अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचीही अदलाबदल व्हावी लागते. घन स्फटिकात ती इतकी मंद असते की जुने थर पुसले जात नाहीत. इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत काही मायक्रॉनच्या ठिपक्यावर सोडून हे थर एकेक करून तपासता येतात. गेओर्ग झेल्मर, पवईच्या आयआयटीतले हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी 2012 साली मनोरी-गोराईचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या एका मिश्र डाइकमधल्या (भेगेत थिजलेल्या शिलारसाच्या भिंतीतल्या) एकेका मोठ्या स्फटिकात कॅल्शियम घटक कुठे 80 ते 86 टक्के, तर कुठे 47 ते 54 टक्के भरला. काही ठिपके जवळजवळ शुद्ध सोडियम किंवा पोटॅशियम फेल्डस्पारचे निघाले. एकाच रसात शांतपणे वाढलेल्या स्फटिकात इतकी तफावत मावत नाही. तप्त बेसाल्टी रस घुसला, त्याने खालचे ग्रॅनाइटसारखे खडक अंशतः वितळवले आणि दोन्ही रस मिसळले, हा या संशोधकांचा निष्कर्ष मला पटतो.

शुद्ध सोडियम किंवा शुद्ध पोटॅशियम फेल्डस्पार नंतरच्या गरम पाण्यानेही तयार होतो, ही शंका रास्त आहे. पण त्याच स्फटिकांत 45 ते 60 टक्के पोटॅशियम घटकाचा फेल्डस्पारही सापडतो. असं सोडियम-पोटॅशियमचं मिश्रण जास्त तापमानालाच टिकतं आणि सावकाश निवलं तर दोन वेगळ्या फेल्डस्पारांत विभागलं जातं, त्यामुळे सगळा दोष पाण्यावर टाकता येत नाही. मग फेल्डस्पारच्या घटकांवरून तापमान काढायची सूत्रं निरुपयोगी का? नाहीत. मात्र ती दोन स्फटिक, किंवा स्फटिक आणि रस, परस्परांशी समतोलात होते असं गृहीत धरतात. शिवाय रसातल्या पाण्यानेही फेल्डस्पारमधलं कॅल्शियमचं प्रमाण वाढतं. समतोल न तपासता काढलेला आकडा कितीही नेमका दिसला, तरी तो कधीच न घडलेल्या प्रसंगाचा असतो. म्हणून गोराईच्या ट्रॅकाइटचं तापमान कुणी सांगितलं, तर ते कोणत्या स्फटिकाच्या कोणत्या थराचं, हे आधी विचारा.