यंत्राचा सल्ला आणि शेतकऱ्याची पारख
कृत्रिम बुद्धिमत्तेचा शेतीव्यवसायात उपयोग करताना घ्यावयाची दक्षता

तापीकाठच्या रावेर, यावल व चोपडा तालुक्यांतील केळीच्या बागा आणि धुळे, शिंदखेडा, शिरपूर भागांतील कापसाची शेते ही खानदेशच्या शेतीव्यवसायाची दोन प्रमुख अंगे होत. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. टिश्यू कल्चरची रोपे व ठिबक सिंचन येथील बागायतदारांनी इतरांच्या आधी स्वीकारले. अशा या प्रदेशात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन बांधापर्यंत आले आहे. पानाचे छायाचित्र काढावे व रोगाचे नाव मिळवावे, प्रश्न विचारावा व औषधाची मात्रा ऐकावी, इतके ते सोपे झाले आहे.

शासनानेही या साधनाचा पुरस्कार केला आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली. महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये 'महाॲग्री-एआय' धोरणास मान्यता दिली व पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद योजिली. साधन उपयुक्त आहे, यात संशय नाही. परंतु नांगर चांगला असला तरी तो कोणत्या वाफशावर घालावा हे शेतकऱ्यासच ठरवावे लागते. तद्वतच या नव्या साधनाची मर्यादा ओळखल्याशिवाय त्यावर पिकाचा भार टाकणे धोक्याचे आहे.

यंत्र शिकते कसे?

या यंत्रास पीक कळते असे नाही. त्यास हजारो छायाचित्रे दाखविली जातात आणि प्रत्येकासोबत 'हा करपा', 'हे निरोगी पान' अशी नोंद दिलेली असते. त्यांतील रंग, डाग व आकार यांचे साम्य पाहून यंत्र पुढील छायाचित्राविषयी अंदाज बांधते. म्हणजेच यंत्राचे उत्तर हा निदानाचा निकाल नसून तो एक अंदाज होय. जे त्यास दाखविले गेले नाही, ते त्यास ओळखता येत नाही. तथापि 'मला ठाऊक नाही' असे सांगण्याऐवजी ते पुष्कळदा जवळचे नाव ठामपणे सांगते.

यासंबंधी २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शास्त्रज्ञांनी पानांची ५४,३०६ छायाचित्रे यंत्रास शिकविली. साध्या पार्श्वभूमीवर काढलेल्या त्याच प्रकारच्या छायाचित्रांवर यंत्राने ९९ टक्क्यांहून अधिक अचूक उत्तरे दिली. परंतु वेगळ्या परिस्थितीत काढलेली छायाचित्रे दाखविताच ही अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर उतरली. त्या संग्रहात एकूण १४ पिके होती; केळी व कापूस ही खानदेशची दोन्ही मुख्य पिके त्यांत नव्हती. त्यानंतर या विद्येत बरीच प्रगती झाली आहे, हे खरे. तरीही प्रयोगशाळेतील यश आणि सावदा-फैजपूरच्या बागेतील यश ही एकच वस्तू नव्हे, हा धडा आजही लागू आहे. यास्तव 'इतके टक्के अचूक' अशी जाहिरात दिसल्यास पहिला प्रश्न असा विचारावा की, ती अचूकता कोणत्या पिकावर, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या हंगामात तपासली?

पानावरचा पिवळेपणा

केळीचे उदाहरण घेऊ. २०२० च्या पावसाळ्यात व पुन्हा २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगाने अनेक बागांची हानी केली. या रोगास बागायतदार 'हरण्या' म्हणून ओळखतात. कोवळ्या पानांवर तुटक पिवळे पट्टे दिसतात, पुढे पाने आकसतात व रोग बळावल्यास पोंगा सडतो. अशा झाडापासून विक्रीयोग्य घड मिळत नाही.

आता असे समजू की, नव्या मृगबागेतील एका रोपाच्या पानाचे छायाचित्र यंत्रास दाखविले आणि यंत्राने 'लोहाची कमतरता' असे उत्तर दिले. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेमुळेही नवी पाने पिवळी पडतात. तेव्हा ही चूक अशक्य नाही. शेतकरी सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी करतो आणि आठ दिवस वाट पाहतो. त्या आठ दिवसांत मावा ही कीड रोगट रोपाचा रस शोषून निरोगी रोपावर बसते. विषाणूचा प्रसार होण्यास माव्याला काही क्षण पुरतात. दीड मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ रोपे असतात. पहिल्या दिवशी उपटावयाची रोपे चार असतील, तर आठ दिवसांनी ती किती होतील हे सांगवत नाही.

विषाणूवर औषध नाही. रोगट रोप दिसताक्षणी मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करणे, माव्याचे नियंत्रण करणे, बांधावरील तण काढणे आणि केळीत अथवा लगत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो न घेणे, हाच उपाय. म्हणून येथे चुकीच्या निदानाची किंमत केवळ एका फवारणीची नसून संपूर्ण हंगामाची असते.

शेतकऱ्याची पारख येथेच उपयोगी पडते. लोहाची कमतरता बहुधा चुनखडीच्या पट्ट्यात सलग दिसते आणि पानाच्या शिरा हिरव्या राहतात. हरण्याची रोपे बागेत विखुरलेली असतात आणि पट्टे तुटक व वेडेवाकडे असतात. यंत्राने पाहिलेले पान एकच असते. शेतकरी मात्र संपूर्ण बाग, जमीन, मागील पीक व शेजाऱ्याचे शेत पाहू शकतो.

कापसाने दिलेला धडा

नव्या साधनावर पूर्ण विसंबल्यास काय होते, याचा अनुभव कापूस उत्पादकांना नवा नाही. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. बोंडअळीचा उपद्रव घटला, उत्पादन वाढले. परंतु बियाणे आले म्हणून अनेकांनी पाहणी सोडली, कडेला लावावयाच्या बिगर-बीटी ओळी लावल्या नाहीत आणि फरदड ठेवण्याची सवय वाढविली. गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती मिळविली व २०१७ च्या हंगामात राज्यभर मोठे नुकसान केले. साधन नवे असले तरी निगराणी जुनीच लागते, हे त्या वर्षाने शिकविले.

याच बोंडअळीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक योग्य उपयोगही पुढे आला आहे. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने तयार केलेल्या पद्धतीत कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे छायाचित्र काढले जाते, यंत्र पतंग मोजते आणि फवारणीविषयी सल्ला देते. येथे यंत्रास मोजणीचे मर्यादित काम दिलेले आहे व त्या मोजणीची खात्री कोणासही करता येते. सापळ्यात सतत तीन रात्री सरासरी ८ किंवा अधिक पतंग आढळणे, अथवा १० टक्के फुले वा बोंडे किडलेली दिसणे, ही नुकसानीची पातळी ठरलेली आहे. शेतकऱ्याने स्वतः पतंग मोजून यंत्राची मोजणी पडताळावी. जेथे पडताळणी शक्य आहे तेथे यंत्र चांगला गडी ठरते. जेथे ती शक्य नाही तेथे त्यास मालक करू नये.

औषधाची मात्रा

बोलणारी यंत्रे प्रश्नाचे उत्तर सफाईदार मराठीत देतात. भाषा सफाईदार असली म्हणजे माहिती खरी असतेच असे नाही. '१० लिटर पाण्यात १० मिलिलिटर' याऐवजी '१ लिटर पाण्यात १० मिलिलिटर' असे उत्तर आल्यास मात्रा दहापट होते. पीक करपते, मित्रकीटक मरतात आणि फवारणाऱ्याच्या जिवास अपाय होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही घटना विसरता येणार नाही. त्यास यंत्राचा सल्ला कारण नव्हता. परंतु औषधाच्या बाबतीत ढिलाई किती महाग पडते हे तीवरून दिसते. मात्रा, प्रतीक्षा काळ व पीक या तिन्ही गोष्टी डब्यावरील लेबल व माहितीपत्रक यांवरूनच निश्चित कराव्यात. लेबलावर ज्या पिकाचे नाव नाही, त्या पिकावर ते औषध यंत्राने सांगितले तरी वापरू नये.

विम्याचे गणित

यंत्राचा निर्णय शेतकऱ्याच्या पैशाशी थेट जोडला जातो तो पीकविम्यात. केळीचा विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने नोंदविलेले तापमान व वारा यांवरून भरपाई ठरते. केंद्र एका गावी आणि वादळाने आडवी झालेली बाग दुसऱ्या गावी, असे घडू शकते. जळगाव जिल्ह्यात २०२२-२३ च्या हंगामात विमा घेतलेल्या केळीच्या क्षेत्राची उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पडताळणी झाली, तेव्हा काही शेतकऱ्यांचे क्षेत्र जुळले नाही व दाव्यांवरून वाद झाला. प्रधानमंत्री पीकविमा योजनेतही २०२३ च्या खरिपापासून भात व गहू या पिकांच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाधारित पद्धतीस किमान ३० टक्के महत्त्व देण्यात आले. हा कल पुढेही राहील, हे ओळखून शेतकऱ्याने आपला पुरावा आपल्यापाशी ठेवावा. ई-पीक पाहणी वेळेत करावी. लागवडीच्या दिवशीचे व त्यानंतर दरमहाचे बागेचे छायाचित्र तारखेसह जपावे. रोपांच्या व खतांच्या पावत्या फेकू नयेत. गारपीट वा वादळाने हानी झाल्यास ७२ तासांच्या आत सूचना द्यावी. यंत्राने 'बाग नाही' म्हटले तर 'बाग आहे' हे सिद्ध करण्याचे साधन कागदच होय.

भाषा, माहिती व फसवणूक

खानदेशात घरोघरी अहिराणी बोलली जाते. सातपुड्याच्या पाड्यांवर पावरी व भिलीचा वापर आहे. प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र या बोली चुकीच्या ऐकू शकते. प्रश्नच चुकीचा ऐकला गेला तर उत्तर बरोबर येणार नाही. अशा ठिकाणी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने प्रश्न स्वतः लिहून द्यावा आणि आलेले उत्तर शेतकऱ्यास त्याच्या बोलीत समजावून सांगावे. ज्या पाड्यावर मोबाईलची लहरच पोहोचत नाही, तेथील शेतकरी मागे राहणार नाही याचीही काळजी त्यानेच घ्यावयाची आहे.

शेताची माहिती हीसुद्धा मालमत्ता आहे. किती क्षेत्र, कोणते पीक, किती उत्पादन, किती कर्ज, हे ज्याच्या हाती पडते तो माल घेताना व कर्ज देताना वरचढ ठरू शकतो. एखादे ॲप घेताना ते कोणती माहिती घेते, ती कोणास देते व काढून घेता येते काय, हे विचारणे शेतकऱ्याचा हक्क आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली कायदा झाला आहे. शासकीय योजनांच्या नावाने येणारी बनावट ॲपे व हुबेहूब आवाजातील फसवे दूरध्वनी यांपासून विशेष जपावे. अनोळखी दुव्यावरून ॲप घेऊ नये व ओटीपी कोणासही सांगू नये.

बाजारभावाच्या अंदाजाविषयीही तारतम्य हवे. यंत्राने 'पुढील पंधरवड्यात भाव वाढेल' असे सांगितले व सर्वांनी काढणी थांबविली, तर त्या पंधरवड्यात आवक एकदम वाढून भाव पडण्याचाच संभव अधिक. शिवाय केळीचा घड कापसाप्रमाणे घरात साठवून ठेवता येत नाही.

अवलंब कसा करावा?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधू-भगिनींनी पुढील क्रम पाळावा :

१) पहिल्या हंगामात यंत्राचा सल्ला अर्ध्या एकरावरच वापरावा, उरलेल्या क्षेत्रात नेहमीची पद्धत ठेवून खर्च व उत्पादन यांची तुलना करावी.

२) छायाचित्र एका पानाचे न काढता रोगट पान, संपूर्ण झाड व झाडाचा पोंगा अशी निदान तीन काढावीत.

३) सल्ला मिळाल्याची तारीख, उत्तर, केलेली कृती व परिणाम यांची वही ठेवावी. गावातील दहा वह्या एकत्र केल्या की यंत्र कोठे चुकते हे आपोआप कळते.

४) रोप उपटणे, महागडी फवारणी व पीक मोडणे यांसारखे न परतणारे निर्णय केवळ यंत्राच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्र अथवा जळगावचे केळी संशोधन केंद्र यांचा सल्ला घ्यावा. हरण्याची शंका असल्यास मात्र तज्ज्ञास त्याच दिवशी दाखवावे. विलंब करू नये.

५) महागडी उपकरणे एकट्याने न घेता गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत घ्यावीत. करार करताना उपकरण बिघडल्यास व सल्ला चुकल्यास जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्यावे.

६) आठवड्यातून दोन वेळा शेताची प्रत्यक्ष फेरी चुकवू नये.

ठिबकची नळी पहिल्यांदा अंथरली गेली तेव्हाही बागायतदाराने ओल हाताने तपासूनच तिजवर विश्वास ठेवला. तीच सावध वृत्ती आज हवी. नव्या साधनाकडे पाठ फिरविणारा शेतकरी मागे राहील. परंतु त्यावर डोळे मिटून विसंबणारा अधिक लवकर अडचणीत येईल. यंत्राने सुचवावे, शेतकऱ्याने पाहावे, तज्ज्ञाने खात्री करावी आणि मगच हात चालवावा. यंत्राचा सल्ला चुकला तरी त्याचे काही जात नाही. हंगाम शेतकऱ्याचा जातो. म्हणून अखेरचा निर्णयही त्याचाच असला पाहिजे.